बाटली क्रमांक ५३-एन

१९०३ साली मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी आयोग बसला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचून घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली, त्याचं मूळ परळच्या प्रयोगशाळेत आहे, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. ती प्रयोगशाळा उभी करणारे वाल्डेमार हाफकिन यांना काम सोडून युरोपात जावं लागलं. १९०७ साली सरकारने त्याच हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला आणि त्यांना पुन्हा हिंदुस्थानात बोलावलं. मधल्या चार वर्षांत मुख्य पुरावा काही बदलला नव्हता. बाटली तीच, साक्षी त्याच, मृत्यूही तेच. बदलले होते ते कागद वाचणारे लोक.

विज्ञानात एखादी गोष्ट खरी ठरते म्हणजे नेमकं काय होतं, असं कोणी विचारलं तर मला ही हकीकत सांगावीशी वाटते. तिचा पहिला निम्मा भाग मुंबईत घडला, आणि तिची एक बाजू आपल्या घराघरांतल्या आठवणींत अजून शिल्लक आहे. ‘उंदीर पडायला लागले की घर सोडायचं’ हे वाक्य आपल्याकडच्या पणज्या-खापरपणज्यांनी ऐकलेलं आणि पाळलेलं आहे.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याची कोठारं, गोण्या, दाटीवाटीने राहणारे हमाल आणि व्यापारी. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तिथल्या एका रुग्णाला तपासलं आणि ही ब्युबॉनिक प्लेगची गाठ आहे, असं स्पष्ट सांगितलं. हा शब्द उच्चारणं सोपं नव्हतं. मुंबई हे साम्राज्याचं मोठं बंदर. प्लेग म्हटलं की जहाजं अडणार, माल अडणार, युरोपातली बंदरं दारं लावणार. काही दिवस सरकारी कागदांत हा रोग ‘संशयास्पद ताप’ या नावानेच वावरला. जंतू तर ठाऊक होता. हाँगकाँगला १८९४ सालीच आलेक्झांद्र येरसें आणि कितासातो यांनी तो शोधून काढला होता. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणं वेगळं आणि नगरपालिकेच्या दफ्तरात दिसणं वेगळं.

निदानाची खात्री करायला आणि काही उपाय सापडतो का ते पाहायला सरकारने कलकत्त्याहून हाफकिन यांना पाठवलं. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत उतरले. हा माणूस डॉक्टर नव्हता, हे इथेच सांगायला हवं, कारण पुढे ते फार महागात पडलं. हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ. १८६० साली ओडेसात ज्यू कुटुंबात जन्मलेले, एली मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी, झारच्या राजवटीत राजकीय संशयावरून पकडले गेलेले. पुढे पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना पहिली जागा मिळाली ती ग्रंथपालाची. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ पासून ते हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होते. दोन-सव्वादोन वर्षांत चाळीस हजारांवर माणसं त्यांनी टोचली होती.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. इथे त्यांनी जे केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मोठ्या काचेच्या चंबूत मांसाचा गाळलेला काढा भरायचा, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. आपलं नेहमीचं, घरातलं तूप. प्लेगचे जंतू या काढ्यात सोडले की ते तुपाच्या थेंबांना खालून चिकटून वाढतात आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे पांढुरके धागे खाली उतरायला लागतात. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसतात आणि तुपाला नवे फुटतात. काही दिवसांनी पुन्हा हलवायचा. असं महिनाभर चालतं. लोंबणारे हे धागे ही प्लेगच्या जंतूची खूण. दुसरा एखादा जंतू आत शिरला असेल तर वाढ अशी दिसत नाही, म्हणून चंबू शुद्ध आहे की नाही हे डोळ्यांनीही ताडता यायचं. शेवटी तो ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवायचा, म्हणजे जंतू मरतात. आणि वर थोडं कार्बॉलिक आम्ल घालायचं, म्हणजे नंतर काही शिरलं तरी वाढणार नाही. झाली लस.

डिसेंबरात सशांवर ती चालली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर टोचून घेतलं. पुढे लोकांना जेवढी लस देत त्याच्या तिप्पट-चौपट. अंगात ताप भरला, टोचल्या जागी भयंकर वेदना झाल्या, आणि काही दिवसांनी ते उठून कामाला लागले. मला यात धाडसापेक्षा एक जुनी रीत दिसते. आकडेवारीवर विश्वास ठेवायची सवय अजून लागलेली नव्हती, तेव्हा शास्त्रज्ञाचं स्वतःचं शरीर हीच त्याची साक्ष असे. पण एका शरीराने लस मारत नाही एवढंच सिद्ध होतं. ती वाचवते हे सिद्ध करायला दोन गट लागतात, एक टोचलेल्यांचा आणि एक न टोचलेल्यांचा.

ते गट मिळाले भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारीच्या अखेरीला तिथे प्लेग शिरला. ३० तारखेला कैद्यांना विचारलं गेलं आणि सुमारे निम्मे तयार झाले. (तुरुंगातल्या माणसाच्या ‘तयार होण्या’ला किती अर्थ असतो, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. आज हा प्रयोग कुठल्याही नीतिसमितीपुढे उभा राहिला नसता.) पुढच्या दिवसांत न टोचलेल्या पावणेदोनशेच्या आसपास कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले सहा दगावले. टोचलेल्या दीडशेंपैकी दोघांना झाला आणि दगावलं कोणी नाही.

आकडे बोलके आहेत. पण त्यांत एक जागा आहे तिथे थांबायला हवं. टोचून घेतलेल्यांपैकी तिघांना त्याच दिवशी लक्षणं दिसली आणि ते तिघेही गेले. हाफकिन यांनी त्यांना हिशेबाबाहेर ठेवलं. त्यांच्या अंगात रोग आधीच होता, लशीला काम करायला वेळच मिळाला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं योग्यच आहे. तरी त्या तिघांना धरलं तर टोचलेल्यांत लागण पाच आणि मृत्यू तीन होतात, आणि चित्र बरंच फिकं पडतं. कोणाला मोजायचं आणि कोणाला नाही, हे निसर्ग सांगत नाही. ते प्रयोग करणाऱ्यालाच ठरवावं लागतं. ठरवण्यामागे कारण असावं लागतं आणि ते कारण चारचौघांत सांगता यावं लागतं. हाफकिन यांनी ते उघडपणे सांगितलं होतं.

शिवाय आणखी एक अडचण. स्वतःहून पुढे येणारे आणि मागे राहणारे सारखेच असतात असं कशावरून? ही शंका हाफकिन यांनाही असावी, कारण त्यांनी पद्धत सुधारत नेली. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवलं आणि एकाआड एक टोचलं. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात तर त्यांनी घराघरातली माणसं पुढे उभी केली आणि वय, प्रकृती पाहून प्रत्येक कुटुंबातली निम्मी टोचली. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तीन मेले. नाणं उडवून, चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची शिस्त वैद्यकात रुळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं; क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटिश चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. उंधेऱ्याचा हिशेब तिच्या पन्नास वर्षं आधीचा आहे. वैद्यकाच्या इतिहासात त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं.

एकीकडे हे चाललेलं असताना बाहेर वेगळंच घडत होतं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरात शिरून झडत्या, आजाऱ्यांना उचलून इस्पितळात नेणं, बाकीच्यांना छावणीत डांबणं, सामान जाळणं. आदल्या ऑक्टोबरातच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. गोरे लोक माणसाच्या अंगातून मोमियाई नावाचा औषधी अर्क काढतात, ही अफवा सगळीकडे होती. १० मार्च १८९७ रोजी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचली त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. २२ जूनला चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याला गणेशखिंडीच्या रस्त्यावर गाठून गोळी घातली.

अशा वेळी सरकारच्या हातची सुई लोक दंडावर घेतील कशाला? कॉलेजातल्या सशांनी आणि तुरुंगातल्या आकड्यांनी त्यांची खात्री पटणार नव्हती. ती पटवली त्यांच्या ओळखीच्या माणसांनी. एकोणीस वर्षांचे आगाखान, खोजांचे इमाम, यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतलं आणि एकदा नव्हे, अनेकदा घेतलं. आपला खुश्रू लॉज हा बंगला त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. मुंबईतल्या खोजांपैकी निम्मे टोचून घ्यायला पुढे आले. पटण्याची ही दुसरी वाट खालच्या दर्जाची आहे असं मी मानत नाही. ज्याला काढा, तूप, जंतू यांतलं काहीच तपासता येत नाही, त्याच्यापाशी कोणावर विसंबायचं हे ठरवण्याचीच बुद्धी असते, आणि ती तो वापरतो. आपणही औषधाच्या दुकानात तेच करतो.

१८९८-९९ मध्ये प्लेग आयोग देशभर फिरला. अध्यक्ष एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर, आणि सदस्यांत आल्मरॉथ राइट, टायफॉइडच्या लशीचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं ते. राइट यांनी हाफकिन यांचं काम बारकाईने सोललं. प्रत्येक चंबूतल्या लशीची ताकद वेगळी, मोजमाप ढिलं, लोकसंख्येचे आकडे अंदाजाचे. बरेचसे आक्षेप खरे होते. तरीही लस लागण कमी करते आणि मृत्यू त्याहून कमी करते, हे आयोगाने मान्य केलं. किती कमी करते याचा नेमका आकडा मात्र देता येत नाही, म्हणाला. ही चांगली शास्त्रीय टीका आहे. पण याच आयोगाने पॉल-लुई सिमोंद यांची गोष्ट बाजूला सारली. जून १८९८ मध्ये कराचीला सिमोंद यांनी दाखवलं होतं की प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. आयोगाला तो प्रयोग पुरेसा वाटला नाही. १९०५ नंतर परळलाच नव्या संशोधकांनी तो पुन्हा, मोठ्या प्रमाणावर करून पाहिला तेव्हा तो खरा निघाला. मधल्या वर्षांत घरं धुण्यावर, फिनेल ओतण्यावर, माणसं हलवण्यावर सरकारचा पैसा आणि लोकांचा संयम खर्च झाला. शंका घेणं हा विज्ञानाचा धर्म आहे हे खरं, पण कोणावर किती शंका घ्यायची याचं वाटप सारखं नसतं.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख. हाताखाली इंडियन मेडिकल सर्व्हिसचे लष्करी हुद्द्याचे डॉक्टर. कॅप्टन, मेजर, कर्नल. ब्रिटिश विद्यापीठांतून आलेले, एकमेकांना ओळखणारे. त्यांच्यावर एक बिगरडॉक्टर, रशियात जन्मलेला, पॅरिसमध्ये तयार झालेला ज्यू माणूस. हाफकिन यांचा स्वभावही मवाळ नव्हता.

१९०२ साली पंजाबात प्लेग उसळला आणि पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचायची मोहीम आखली. परळकडे एवढी मागणी कधीच आली नव्हती. तुपाच्या थेंबांखाली महिनाभर वाढवायला वेळ नव्हता. हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू आगरच्या थरावर भराभर वाढवायचे, पाण्यात उतरवायचे, तापवायचे. आणि कार्बॉलिक घालायचं नाही. पाश्चर संस्थेत उष्णतेवरच भरवसा ठेवत, कार्बॉलिकने लशीची ताकद कमी होते असं मानत. बदलाला शास्त्रीय आधार होता. पण सरकारची संमती त्यांनी आधी घेतली नव्हती, आणि ही त्यांची चूकच होती. काही अघटित घडलं तर काय उत्तर देणार, याचा विचार एवढ्या मोठ्या मोहिमेच्या तोंडावर व्हायला हवा होता.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातलं मुल्कोवाल. आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचलं गेलं. आठवडाभराने त्यांतल्या काहींचे जबडे जखडायला लागले. धनुर्वात. एकूण १९ जण, आणि एकही वाचला नाही. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून मिळाली होती. तिच्यावर क्रमांक होता ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना धनुर्वाताचा उपद्रव झाला नाही. ५३-एन बाटली परळला ४१ दिवस आधी भरलेली होती.

धनुर्वाताचे बीजाणू बाटलीत गेले, याबद्दल वाद नव्हता. कुठे गेले, एवढाच प्रश्न. परळला, भरताना? की मुल्कोवालला, उघडताना?

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स आणि दोन वैद्यकीय अधिकारी यांच्या आयोगाने उत्तर दिलं: परळला. लस पुरेशी निर्जंतुक झाली नसावी, किंवा मोठ्या चंबूतून लहान बाटलीत ओतताना काहीतरी शिरलं असावं. कार्बॉलिक गाळणं ही गंभीर गोष्ट होती. लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या तज्ज्ञांनीही दुजोरा दिला. या निष्कर्षात अशक्य असं काही नव्हतं. ६५-७० अंशांना प्लेगचा जंतू मरतो, धनुर्वाताचा बीजाणू मरत नाही. तो एकदा आत गेला असता तर ४१ दिवस आत राहू शकला असता.

पण आयोगापुढच्याच कागदांत दुसरी एक गोष्ट होती. त्या सकाळी बाटल्या उघडणाऱ्या नरिंदर सिंग नावाच्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बॉलिकच्या पाण्यात बुडवून घुसळला आणि त्यानेच बूच ओढून काढलं. चिमटा ज्योतीवर धरायचा असा नियम होता. खेड्यातल्या शेणामातीच्या जमिनीत धनुर्वाताचे बीजाणू असतातच, आणि कार्बॉलिकचं पाणी त्यांना क्षणभरात मारत नाही. आयोगाने ही साक्ष वाचली, नोंदली आणि तिला वजन दिलं नाही.

हाफकिन बिनपगारी रजेवर युरोपात गेले. संचालकपद दुसऱ्या हाती गेलं. प्रकरणाची कागदपत्रं सरकारने प्रसिद्ध केली ती १९०६ च्या अखेरीला, आणि तेव्हा कुठे ती स्वतंत्र जीवाणुशास्त्रज्ञांच्या हाती पडली. मलेरिया आणि डास यांचा संबंध दाखवून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून आलेले. त्या नोकरीत वरिष्ठ आपल्या माणसांना कसं वागवतात, हे त्यांनी भोगलेलं होतं. त्यांनी हे प्रकरण हाती घेतलं आणि सोडलं नाही. २९ जुलै १९०७ च्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामवंतांच्या सहीचं पत्र आलं. त्यांत रॉस, सिम्पसन, वुडहेड, क्लाइन, अमेरिकेचे सायमन फ्लेक्सनर.

त्यांचा युक्तिवाद वाचताना आजही समाधान वाटतं. बाटली ४१ दिवस दूषित असती तर आत धनुर्वाताचे जंतू माजले असते, विष साठलं असतं आणि बूच काढताच घाण वास सुटला असता. तसा वास आल्याचं उघडणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. शिवाय तयार विष टोचलं गेलं असतं तर माणसं दोन-तीन दिवसांत आडवी झाली असती. इथे लक्षणं दिसायला आठवडा लागला. आत नुकतेच पडलेले, अजून न वाढलेले बीजाणू अंगात जाऊन तिथे रुजायला जेवढा वेळ लागतो, तेवढा हा वेळ आहे. म्हणजे बाटली बिघडली ती त्या सकाळी. आणि कार्बॉलिक असतं तरी बीजाणू मेले नसते. ते फार तर त्यांची वाढ रोखतं, आणि इथे बाटलीत वाढ झालेलीच दिसत नाही.

यातला एकही मुद्दा १९०३ साली हाती नव्हता असं नाही. चिमटा, वास, दिवस सगळं दफ्तरात होतं. मग तो आयोग खोटा होता का? मी तसं म्हणणार नाही. एक निष्णात कायदेपंडित आणि दोन सेवेतले अधिकारी जिथे बसतात, तिथे ‘नियम कोणी मोडला?’ हा प्रश्न आधी पुढे येतो. परळने नियम मोडल्याचं लेखी दिसत होतं. कार्बॉलिक गाळलेलं होतं. ते दिसल्यावर शोध तिथेच थांबला. जीवाणुशास्त्रज्ञ आधी विचारतात की हा जंतू किती दिवसांत काय करतो. दोघांनी तेच कागद वाचले आणि वेगळी गोष्ट पाहिली.

ज्या साली मुंबईत प्लेग आला त्याच १८९६ साली ल्वूव शहरात लुडविक फ्लेक जन्मले. तेही जीवाणुशास्त्रज्ञ, तेही लस तयार करणारे, तेही ज्यू. १९३५ साली त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. शास्त्रीय तथ्य एकट्याच्या डोळ्यांना दिसत नाही, एकत्र शिकलेल्या, एकत्र बोलणाऱ्या माणसांच्या गटाला ते दिसतं. गट बदलला की दिसणंही बदलतं, असं त्यांचं प्रतिपादन. ते पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेलं होतं. १९६२ साली विज्ञानाचे इतिहासकार टॉमस कून यांनी आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचा ऋणनिर्देश केला तेव्हा लोकांनी ते शोधून वाचलं. १९४२ साली अमेरिकेत रॉबर्ट मर्टन यांनी विज्ञानाच्या समाजशास्त्राचा पाया घालताना लिहिलं की शास्त्रीय दाव्याची पारख तो करणाऱ्याच्या वंशावरून, राष्ट्रावरून होता कामा नये, हा शास्त्रज्ञांच्या समाजाचा पहिला संकेत आहे. हाफकिन प्रकरणाला पुढे ‘छोटं ड्रेफस प्रकरण’ म्हटलं गेलं. फ्रान्सच्या लष्करातला ज्यू कॅप्टन ड्रेफस १९०६ साली निर्दोष सुटला होता, ते ताजं होतं. हाफकिन यांच्यावरच्या अन्यायात ज्यूद्वेषाचा वाटा किती, नोकरीतल्या हेव्याचा किती आणि त्यांच्या स्वतःच्या हेकेखोरपणाचा किती, हे वजन करून सांगता येणार नाही. पण इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या एखाद्या कर्नलच्या बाबतीत तो चिमटा एवढा दुर्लक्षित राहिला असता, असं मला वाटत नाही.

आणि नरिंदर सिंग? पहिल्या निकालात दोष परक्या माणसावर गेला, दुसऱ्यात उतरंडीच्या अगदी तळाच्या माणसावर. दुसरा निकाल शास्त्राच्या दृष्टीने अधिक बरोबर आहे, याबद्दल मला शंका नाही. तरी दिवसाला शेकडो दंड टोचायचे, उघड्यावर, धुळीत, लाखोंच्या मोहिमेच्या घाईत, हे वेळापत्रक कोणी ठरवलं, याचं उत्तर दोन्ही निकालांत नाही. मोहीम आखणारे दोन्ही वेळा सुटले. मुल्कोवालचे १९ जण तर या सगळ्या वादात १९ या आकड्यापुरतेच उरले. हाफकिन यांच्या बाजूने लिहिलेल्या पत्रांतही.

१९०७ च्या अखेरीला सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ केली. परळची खुर्ची भरलेली होती, म्हणून कलकत्ता. तिथे प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटलच्या आवारात त्यांना प्रयोगशाळा मिळाली, पण माणसांवर लशीची चाचणी घ्यायची मोकळीक मिळाली नाही. काही वर्षं निबंध लिहून पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. १९३० साली लोझानला वारले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेचं नाव बदलून हाफकिन संस्था करण्यात आलं. प्रस्ताव तेव्हाचे संचालक कर्नल मॅकी यांचा, म्हणजे त्याच इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या एका अधिकाऱ्याचा. त्या वर्षापर्यंत तिथून बाहेर गेलेल्या प्लेगच्या लशीचे डोस २ कोटी ६० लाखांच्या घरात पोचले होते.